लॉट वेगळा पाहिजे

इंदुअक्का हार्ड डिस्क घ्यायला निघाल्या की बाजारातले दुकानदार हातातला चहा आधी संपवून घ्यायचे. नंतर प्यायला सवड मिळणार नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक झालं होतं. अक्का दुकानात शिरायच्या, पर्स काउंटरवर ठेवायच्या आणि पहिलाच प्रश्न विचारायच्या, "कुठल्या महिन्यातला माल हाय?" समोरचा माणूस नवा असेल तर म्हणायचा, "बाई, डिस्क आहे ही, ब्रेड नाही." जुना असेल तर निमूट खोकं उघडून सगळ्या डिस्क एका ओळीत मांडून ठेवायचा.

मग अक्का चष्मा चढवायच्या आणि प्रत्येक डिस्कवरचं लेबल वाचायच्या. कधी बनली, कुठं बनली, नंबर काय. एक उचलायच्या, बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ही द्या."

"अक्का, दोन पाहिजेत म्हणाला होता की फोनवर."

"दुसरी दुसऱ्या दुकानातनं घेणार."

"का हो? माझ्याकडची काय वाईट हाय?"

"वाईट कशाला असेल? चांगलीच हाय. पण दोघी एका खोक्यात जन्मल्या, एका दिवशी कामाला लागल्या, की म्हाताऱ्या पण एकदम होणार. मला एकदम नकोत. लॉट वेगळा पाहिजे."

दुसरी डिस्क आणायला आम्ही पुढच्या आठवड्यात जायचो, तेही गावाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही म्हणजे अक्का आणि मी. मला कारखान्याची मोटारसायकल चालवता यायची आणि अक्कांना रिक्षावाल्यांशी भांडायचा कंटाळा यायचा, एवढीच माझी पात्रता. खरं तर त्यांना भांडायचा कंटाळा यायचा असं म्हणणं धाडसाचं आहे. रिक्षावाल्यांशी भांडण्यात गेलेला जोर दुकानात कमी पडू नये, हे जास्त खरं असावं.

आमचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. चादरी आणि टॉवेल. मी तिथं डिझाइन काढतो, अजूनही. चादरीवरचा मोर तुम्हाला मोर दिसतो, आम्हाला तो बारीक चौकटींचा कागद दिसतो. एक चौकट म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना ओलांडतात ती जागा, आणि कुठला धागा वर राहणार ते त्या चौकटीत ठरतं. पूर्वी हा कागद समोर ठेवून पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे आणि त्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायचे. आता कॉम्प्युटरमधली फाइल थेट मागाला जाते. या सगळ्या फाइली ज्या एका कॉम्प्युटरवर असतात त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो, आणि सर्व्हर म्हणजे इंदुअक्का असंच कारखान्यात सगळे धरून चालायचे. तो बिघडला की लोक म्हणायचे, "अक्का बंद पडल्या."

अक्का पूर्व भागातल्या, विणकरांच्या गल्लीतल्या. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, बाहेर पडलं की सोलापुरी मराठी. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली गल्लीतली पहिली मुलगी मी, हे त्या आठवड्यातून एकदा तरी सांगायच्या. ऐकणाऱ्याला ते माहीत आहे की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. अंगानं ठेंगण्या, आवाज मागाच्या खडखडाटावर चढणारा, केसांत रोज ताजा गजरा. नम्रपणा हा गुण त्यांच्या वाटणीला आलाच नव्हता. लग्न केलं नाही. वडील, ज्यांना आम्ही सगळे नरसय्यामामा म्हणायचो, आणि त्या, असं दोघांचं घर होतं. मला त्या "माने" म्हणून हाक मारायच्या आणि लगेच "काय करायलास रे?" असं विचारायच्या. काही करत असलो तरी त्या प्रश्नानं माणूस रिकामटेकडा ठरायचा.

सर्व्हरवर लिनक्स होतं. फुकट मिळतं म्हणून ते मालकांना आवडायचं, आणि आतलं सगळं उघडून बघता येतं म्हणून अक्कांना. नवी डिस्क आणली की ती लगेच कामाला लागत नसे. आधी ती काठोकाठ भरायची, मग पुसायची, मग परत भरायची, आणि एवढं करून तिनं तक्रार केली नाही तर तिला कारखान्यात घ्यायचं. मालक म्हणायचे, "अक्का, नवीन वस्तू वापरायच्या आधीच झिजवायलाव की तुम्ही." अक्का म्हणायच्या, "जी जायची ती पहिल्या महिन्यात जाते, नाही तर म्हातारपणी. पहिला महिना माझ्यासमोर काढू दे तिला."

डिस्क आपल्या तब्येतीचा हिशोब स्वतःच ठेवते, हे मला त्यांनी दाखवलं. एखादी जागा खराब झाली की डिस्क ती टाकून देते आणि राखून ठेवलेली दुसरी जागा तिच्याऐवजी वापरायला काढते. आपल्याला काहीच कळत नाही, फाइल उघडते, काम चालतं. पण विचारलं की डिस्क खरं सांगते. अक्का दर सोमवारी विचारायच्या. पहिलं ठिगळ दिसलं की ती डिस्क काढायची, मग ती चालत का असेना. "अजून वर्षभर चालेल की," असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "चालेल. कुठं पडेल ते सांगता येतंय का तुला?"

स्वस्त डिस्कांवर त्यांचा विशेष राग. त्यातल्या काहींत माहिती घरावरच्या कौलांसारखी एकावर एक चढवून रचलेली असते. जागा जास्त मावते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी ओळ उचलावी लागते. एरवी चालून जातं, पण जोडीतली एक डिस्क गेली आणि नवी भरायला घेतली की ती इतकी रेंगाळते की तेवढ्यात उरलेलीही मान टाकायची. दुकानदार असली डिस्क पुढं करायचा आणि अक्का ती न बोलता दोन बोटांनी त्याच्याकडं परत सरकवायच्या.

कार्डाच्या बाबतीत तर विचारूच नका. कॉम्प्युटरला जास्त डिस्क जोडायच्या तर मध्ये एक कार्ड लागतं. बाजारात दोन तऱ्हेची मिळतात. एक साधं, डिस्क जोडून देतं आणि गप्प बसतं. दुसरं हुशार, डिस्कांची जोडी लावणं, दोन्हीवर सारखं लिहिणं, सगळं स्वतःच करतं. दुकानदार हुशार कार्ड दाखवायचे, कारण ते महाग. अक्का साधं मागायच्या. डब्यावरचं नाव त्या वाचतच नसत. कार्ड बाहेर काढायला लावायच्या आणि त्यावरच्या काळ्या चिपवरची अक्षरं चष्मा कपाळावर सरकवून वाचायच्या. "डबा तोच ठेवतात आणि आत चिप बदलतात. आपलं काम चिपशी हाय," असं त्यांचं म्हणणं. ती चिप लिनक्सच्या ओळखीची असेल तरच कार्ड घ्यायचं. सोबतची सीडी घालून ओळख करून द्यावी लागत असेल तर तो पाहुणा आपल्याला नको.

हुशार कार्डाशी त्यांचं वैर का होतं ते शेजारच्या टॉवेल कारखान्यामुळं सगळ्या एमआयडीसीला कळलं. उन्हाळ्यात त्यांचं हुशार कार्ड जळालं. डिस्का ठणठणीत होत्या, पण त्यावर काय लिहिलंय ते त्या कार्डाशिवाय कुणालाच वाचता येईना. तसं कार्ड बनणं कधीच बंद झालेलं. त्यांचे मॅनेजर अक्कांकडं आले तेव्हा रडायचेच बाकी होते. अक्कांनी फोन फिरवायला सुरुवात केली. पुणे झालं, हैदराबाद झालं. शेवटी पंढरपूरच्या एका लॉजच्या अडगळीत, गाद्यांच्या ढिगाखाली बंद पडलेल्या बिलाच्या कॉम्प्युटरात तसंच कार्ड सापडलं. आम्ही मोटारसायकलवरून गेलो. लॉजवाला म्हणाला, "घेऊन जा की, नाही तरी भंगारात देणार होतो. पण असं काय हाय त्यात?" अक्का म्हणाल्या, "एका कारखान्याचा जीव हाय." त्यानं घाईघाईनं ते कार्ड फडक्यात गुंडाळून दिलं.

माहिती निघाली. अक्कांनी मॅनेजरांना बजावलं, "आता तरी साधं कार्ड बसवा. हुशार माणसाच्या एकट्याच्या डोक्यात सगळं ठेवलं की तो आजारी पडल्यावर घर बसतं." त्यांनी मान डोलावली, अक्कांना सहा टॉवेलांचा सेट दिला, आणि पुढच्या महिन्यात पहिल्याहून हुशार कार्ड आणून, नारळ फोडून बसवलं. अक्का ते टॉवेल कॉम्प्युटर पुसायला वापरायच्या, आणि त्या कारखान्याचं कुणी दिसलं की जरा जास्तच जोरात पुसायच्या.

मेलेली डिस्क त्या टाकत नसत. उघडून आतली चकती काढायच्या. ती आरशासारखी लख्ख असते. कारखान्यातल्या निम्म्या बायकांच्या पर्समध्ये अक्कांनी दिलेला तो गोल आरसा होता. ही सवय मात्र फार जुनी, पूर्वी नरसय्यामामा त्यात बघूनच दाढी करायचे.

हे सगळं शहाणपण अक्का जन्माला येताना घेऊन आल्या होत्या असा कुणाचाही समज होईल अशीच त्यांची वागणूक होती. पण मी त्यांना हे शहाणपण यायच्या आधीपासून ओळखतो. आधीच्या अक्का वेगळ्या होत्या, आणि त्या बदलल्या ती खंडेनवमी मी पाहिलेली आहे.

नरसय्यामामा आमच्याच कारखान्यात जन्मभर डिझाइनचे कागद काढत. मालकांचे वडील होते तेव्हापासून. कारखान्याचं नाव ज्या चादरींनी झालं त्या सगळ्या त्यांच्या हातच्या. मी कामाला लागलो तेव्हा ते निवृत्त होऊन घरी बसले होते, पण गोदामात त्यांचे कागद गठ्ठ्यांनी होते. पुठ्ठे कधीच बंबात गेले होते. कागदांना वाळवी लागली होती. अक्कांनी सुट्ट्या घालवून एकेक कागद स्कॅन केला, सर्व्हरवर ठेवला, आणि उरलेला वाळवीचा भुगा रद्दीवाल्याला दिला. गोदाम मोकळं झालं म्हणून मालक खूश झाले.

सर्व्हरमध्ये तेव्हा दोन डिस्क होत्या. दोन्हीवर सारखंच लिहिलं जायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच. एवढं केलं की झालं, असं तेव्हा अक्कांना वाटायचं. आम्हाला तर काहीच वाटायचं नाही. त्या डिस्का घेताना मी बरोबर होतो. दुकानदारानं एक डिस्क एका खोक्यातून काढली, दुसरी दुसऱ्या. अक्कांनी दुसरी परत दिली. "एकाच खोक्यातल्या द्या. लॉट एक पाहिजे."

यात हसण्यासारखं काही नाही. सुताच्या गावात वाढलेलं कुणीही हेच म्हणालं असतं. एका चादरीत रंगाच्या दोन लॉटचं सूत आलं तर नुसत्या डोळ्यांना दोन्ही रंग एकच वाटतात, आणि चादर धुतली की मधोमध पट्टा उमटतो. माल परत येतो. लॉट एक पाहिजे, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. अक्कांनी डिस्का सुतासारख्या निवडल्या, नंबराला नंबर लागून, आणि दुकानातून बाहेर पडताना मला म्हणाल्या, "जोडी कशी जमलीय बघ."

खंडेनवमीला कारखान्यातलं प्रत्येक यंत्र बंद ठेवून, पुसून, झेंडूची माळ घालून पुजतात. त्या वर्षी मालकांच्या आई स्वतः आल्या होत्या. त्यांनी सर्व्हरकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हे का चालू? त्याला नको का विसावा?" वर्षानुवर्षं न थांबता चाललेला तो सर्व्हर अक्कांनी स्वतःच्या हातानं बंद केला, कुंकू लावलं, माळ घातली. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाल्यावर बटण दाबलं. एक डिस्क टक् टक् करत राहिली. दुसरीचा आवाजच आला नाही.

वर्षानुवर्षं फिरत असलेली डिस्क थांबली की परत फिरेलच असं नसतं. दोघी सारख्याच झिजल्या होत्या, दोघी सारख्याच थांबल्या. जोडी खरंच जमली होती.

चालू कामाची डिझाइनं आमच्या आमच्या कॉम्प्युटरवर होती, ती मिळाली. मालकांनी डिस्का पुण्याला माहिती काढून देणाऱ्यांकडं पाठवल्या. आतली चकती खरवडली गेलीय असं कळवून त्यांनी त्या परत केल्या. गेलं ते फक्त एकट्या माणसाचं, नरसय्यामामांचं, आणि ते सगळंच्या सगळं गेलं.

मामांना तोवर अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला होता. जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत. अक्कांनी त्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी दारात उभा होतो. तेलुगूत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण मामांनी भिंतीकडं तोंड फिरवलं ते दिसलं. त्या दिवसापासून त्यांनी जेवण तोडलं. दोन घास खायचे आणि ताट सारायचे. अक्का कारखान्यात यायच्या, काम करायच्या, आणि आवाज चढवत नसत. त्यांचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मागावरचे लोक मला येऊन विचारायचे, आणि मला त्यांच्याकडं बघवत नसे.

असे दिवस चालले असताना एका दुपारी अक्का फाटकातून आत येत होत्या. आमचे वॉचमन, बिरूमामा, जतकडचे, खुर्चीवर जुन्या फाटक्या चादरीची घडी घालून बसले होते. अक्का दोन पावलं पुढं गेल्या आणि मागं आल्या.

"उठा."

"काय झालं वो अक्का? बसलोय की मी. डूटीवरच हाय."

"उठा म्हणतेय ना!"

बिरूमामा उठले. अक्कांनी ती घडी ओढून काढली आणि तिथंच फाटकात जमिनीवर पसरली. मधली जागा विरून गेली होती, पण एका कडेला मोराच्या पिसाऱ्याचा तुकडा शाबूत होता. नरसय्यामामांचा मोर. अक्का गुडघ्यांवर बसल्या आणि पर्समधून धागे मोजायचं भिंग काढलं. बऱ्याच वेळानं मान वर करून मला म्हणाल्या, "माने, हे वाचता येतंय रे."

"अवो, फाटकी हाय ती," बिरूमामा म्हणाले. "तिच्यात काय वाचताय?"

मला मात्र कळलं. कागदावरून कापड होतं, तर कापडावरून कागद का होणार नाही? कुठला धागा वर आणि कुठला खाली, ते चादरीत अजून जसंच्या तसं होतं. कागद वाळवीनं खाल्ले, डिस्का मेल्या, पण सोलापूर जिल्ह्यातल्या घराघरांत, बाजेवर, ट्रंकेत, सायकलच्या सीटवर नरसय्यामामांची डिझाइनं पडलेली होती.

मालकांनी नव्या चादरी काढून दिल्या. जुनी द्या, नवी घ्या. लोक आधी हसले, मग रांग लावून आले. दुपारच्या सुट्टीत अक्का भिंगातून बघून सांगायच्या, "वर, वर, खाली, वर," आणि मी चौकटी भरायचो. माझे डोळे गेले तर कोण भरून देणार, असं मी एकदा विचारलं. अक्का म्हणाल्या, "एक गेला तरी दुसरा हाय की." त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला ऐकून मला फार बरं वाटलं.

एकेक डिझाइन पूर्ण झालं की अक्का ते मोठ्या कागदावर छापून घरी न्यायच्या आणि मामांच्या पलंगावर पसरायच्या. पहिला कागद कमळांचा होता. मी तेव्हा तिथं होतो. मामांनी बराच वेळ बघितलं आणि डाव्या हाताचं बोट एका पाकळीवर ठेवलं.

"हे माझं नाही, बिड्डा." बिड्डा म्हणजे लेकरू. एवढं मला त्या घरात जाऊन जाऊन कळायला लागलं होतं.

"नायना, चादरीत असंच हाय," अक्का वडिलांना म्हणाल्या.

मामांनी जड जिभेनं हळूहळू सांगितलं आणि अक्कांनी ते मला मराठीत सांगितलं. चादरीत असेल. भोकं पाडणाऱ्यानं पुठ्ठ्यात चूक केली असेल. कागदात चूक नव्हती. म्हणजे आम्ही चादरीवरून उतरवताना दुसऱ्यांच्या चुकाही इमानानं उतरवत होतो. अक्कांनी पेन्सिल दिली आणि मामांनी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या रेघेनं, ती चौकट खोडली. मग दुसरी शोधली. त्या दिवशी त्यांनी ताटातली भाकरी पूर्ण खाल्ली. अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मोराची चादर मात्र सबंध अशी कुठंच मिळेना. ती मिळाली माझ्याच गावात, होटगीत. आमच्या भावकीतल्या सोनाकाकूंकडं. काकूंचे यजमान रेल्वेत गँगमन होते. थंडीच्या दिवसांत ड्यूटीवर जाताना ते ती अंगावर घेऊन जायचे. ते गेल्यापासून चादर ट्रंकेत होती. मी अक्कांना घेऊन गेलो. काकूंनी नव्या चादरींकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाय देणार बाई मी. चार द्या न्हायतर धा द्या. ही त्येंच्या अंगावरची हाय."

मला वाटलं, आता अक्कांच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार. पण अक्का काकूंच्या शेजारी जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "देऊ नका. माझ्या वडिलांनी काढलाय हा मोर. मला नुसता बघू द्या. तुमच्यासमोर बघते, हितंच."

काकूंनी चादर बाजेवर पसरली. रविवारचे रविवार आम्ही होटगीला जात राहिलो. पहिल्या रविवारी काकू चादरीचं एक टोक हातात धरून बसल्या होत्या, आम्ही घेऊन पळू म्हणून. नंतर नंतर त्याच टोक ताणून धरायच्या, अक्कांना धागे नीट दिसावेत म्हणून. कधी शेंगाचटणी-भाकरी वाढायच्या.

एकदा म्हणाल्या, "तुमच्या वडलांनी कुटं बघितला वो असा मोर? आमच्या शिवारात लई हायत, पर असा डौल न्हाय कुणाचा."

"त्यांनी मोर बघितलाच नव्हता," अक्का म्हणाल्या. "काडेपेटीवरचा बघून काढला."

काकू इतक्या हसल्या की हातातलं टोक सुटलं आणि ती ओळ आम्हाला पहिल्यापासून वाचावी लागली.

इकडं घरी मामांचं काम चालू होतं. वेलबुट्टी झाली, हत्ती झाले, किनारी झाल्या. प्रत्येक कागदावर ते बोट फिरवायचे आणि कुठं पुठ्ठ्याची चूक, कुठं मागाची, ते वेगळं काढायचे. मोर राहिला शेवटी. तो सगळ्यांत मोठा होता आणि होटगीला जाण्यासाठी रविवारच हाताशी होता. मोराची शेवटची ओळ आम्ही वाचली, मी फाइल पुरी केली, अक्कांनी कागद छापून आणला, आणि त्याच आठवड्यात नरसय्यामामा गेले. कागद गुंडाळलेलाच राहिला.

त्यानंतरच्या अक्का म्हणजे मी सुरुवातीला सांगितल्या त्या. लॉट वेगळा, दुकान वेगळं, कार्ड साधं. जोडीशिवाय एक प्रत मालकांच्या घरी, एक माझ्याकडं होटगीला. खंडेनवमीला सर्व्हर बंद करायचा नाही, चालू असतानाच बाहेरून कुंकू. मालकांच्या आई म्हणाल्या, "चालत्या यंत्राची पूजा होत नाही गं." अक्का म्हणाल्या, "देव पण चालूच असतो की, आई. पूजेसाठी त्याला कुठं बंद करतो आपण?" आई नंतर त्या वाटेला गेल्या नाहीत.

अक्का निवृत्त झाल्या आणि भिवंडीला बहिणीकडं जायचं ठरलं. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या तेव्हा माझ्यासमोर मोराचीच फाइल उघडी होती. मोठी ऑर्डर आली होती. मोराच्या मानेवर एका जागी धागा खाली असायला हवा तो वर होता, आणि त्यामुळं मान किंचित मुरडल्यासारखी दिसायची. सोनाकाकूंच्या चादरीवरच्या प्रत्येक मोरात तो तसाच होता, म्हणजे मागाचा दोष नव्हता. एक तर भोकं पाडणाऱ्याचं चुकलं होतं, नाही तर कागद काढणाऱ्याचं. तेवढं बघून सांगणारा माणूस राहिला नव्हता.

मी ती चौकट मोठी करून दाखवली. "अक्का, एवढं सरळ करून टाकू का? एका क्लिकचं काम हाय."

अक्कांनी चष्मा चढवला आणि ती चौकट बघितली. मग त्यांनी माउसवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि तो बाजूला केला.

"नको रे, माने," त्या म्हणाल्या. "चूक त्यांची असली तर?"

त्यांनी डोळे पुसले, गजरा सारखा केला, आणि फाटकाबाहेर जाऊन रिक्षावाल्याला भाडं न विचारताच रिक्षात बसल्या. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

मोराच्या चादरी अजून निघतात. तपासणीवर दर काही महिन्यांनी नवा माणूस येतो, आणि येतो तो मानेवर बोट ठेवून मला दाखवतो, "साहेब, हितं एक धागा चुकलाय बघा."

मी म्हणतो, "असू दे. पास कर."